चौदा वकिलांची ओळख वाचली, पण कोर्टात उभा कोण राहणार?

'ताई, रामराम. मी एरंडोल तालुक्यातला शेतकरी. महामार्गाच्या चौपदरीकरणात आमची एक एकर दहा गुंठे बागायत गेली. सोबत विहीर गेली आणि लिंबाची बावीस झाडं. प्रांत ऑफिसने दर लावला तो कोरडवाहूचा, म्हणून लवादाकडे गेलो. तिथे जिल्हाधिकारी साहेबांनी थोडं वाढवून दिलं, पण विहिरीचा एक रुपया नाही. आदेश गेल्या महिन्याच्या १२ तारखेला पोस्टाने आला. आतापर्यंतचं सगळं आमच्या तालुक्याच्या वकीलसाहेबांनी पाहिलं. वडिलांच्या वाटणीपासून तेच आमचे वकील, आता सत्तरीला आलेत. पुण्याच्या पुतण्याने मला मोबाईलवर एका मोठ्या लॉ फर्मची वेबसाइट दाखवली. त्यावर चौदा वकील, प्रत्येकाचा फोटो आणि खाली माहिती. कोणी लंडनला शिकलेला, कोणी माजी न्यायाधीश, कोणी सीनियर पार्टनर, कोणी पंधरा वर्षं मोठ्या कंपनीत कायदा अधिकारी, एक जण तर महामार्ग प्राधिकरणाच्याच पॅनेलवर. फोनवर म्हणाले, आत्ता काही देऊ नका, जी रक्कम वाढेल तिचे पंधरा टक्के द्या. पुतण्या म्हणतो, काका, एवढी माणसं असताना तालुक्याच्या वकिलाला काय धरून बसलात? मला त्या माहितीतलं निम्मं कळत नाही. आणि वकीलसाहेबांना तोंड कसं दाखवू, तेही कळत नाही. — आबा'

आबा, रामराम.

वकील कोणता ते नंतर बघू, आधी तुमच्या पत्रातली १२ तारीख. लवादाचा आदेश हातात पडला त्या दिवसापासून जिल्हा न्यायालयात त्याला आव्हान द्यायला तीन महिने मिळतात. लवाद कायद्याचं कलम ३४ तसं सांगतं. त्यापुढे योग्य कारण दाखवलं तर आणखी तीस दिवस, आणि तिथे दार बंद. दिवाणी दाव्यात उशीर माफ करून घ्यायचे अर्ज तुम्ही पाहिले असतील, वर्ष-दोन वर्षांचा उशीरही माफ झालेला मी पाहिलाय. इथे तसं होत नाही. मी एकतीस वर्षं कोर्टात बेंच क्लार्क होते. मुदत टळलेल्या कागदावर कितीही मोठ्या माणसाची सही असली तरी तो कागद परत जातो. आदेश ज्या लिफाफ्यातून आला तो लिफाफा पोस्टाच्या शिक्क्यासकट आदेशाला टाचून ठेवा. म्हणजे वकील निवडायला तुमच्याकडे महिनाभर आहे असं धरा, कारण अर्ज तयार करायलाही वेळ लागतो.

आता ती चौदा माणसं.

माझी खुर्ची न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाला होती. तिथून वकिलाचं तोंड दिसतं आणि त्याच्या फाइलची पाठही. वकीलपत्र माझ्याच हातात यायचं. कितीतरी वकीलपत्रांवर वर पाच-सहा नावं छापलेली असत आणि खाली सही एकाच्या हातची. ती सहीही बहुतेक वेळा सनद मिळून दोन वर्षं झालेल्या मुलाची असे. मुलं हुशार असतात, त्यांना दोष नाही. पण पक्षकार वरच्या नावावर भाळून आलेला असायचा आणि तारखेला दिसायचा खालचा. पारोळ्याकडची एक म्हातारी दर तारखेला बाकावर येऊन बसे आणि पुकारा झाला की शेजारच्याला विचारे, 'कोरटमा उभा कोन ऱ्हाई?' तिच्या नातवाने तिला वेगळ्या माणसाचा फोटो दाखवला होता. मला त्या म्हातारीचा प्रश्न कुठल्याही कायद्याच्या पुस्तकाइतका पक्का वाटतो. चौदा जणांची माहिती तुम्ही तोच प्रश्न हातात धरून वाचा.

लंडनपासून सुरुवात करू. कायद्याची परदेशातली पदव्युत्तर पदवी बहुतेक एका वर्षाची असते. ती घेतलेला माणूस वाचन करतो आणि इंग्रजी मसुदा नेटका लिहितो, आणि कलम ३४ च्या अर्जात नेटक्या मसुद्याला किंमत आहे. मात्र तुमच्या सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत विहीर केव्हा चढली आणि संयुक्त मोजणीच्या पत्रकात ती का राहिली, हे लंडनला शिकवत नाहीत. म्हणून कॉलेजच्या नावावर फार अडू नका. उज्ज्वल निकम जळगावच्या मणियार लॉ कॉलेजातून शिकले. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या त्याच्या कितीतरी आधी जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली करत होत्या, आणि १९६२ साली आमदार झाल्या. आता निकमांचं नाव काढलं म्हणून सांगते, सरकारी वकील म्हणून फौजदारीत त्यांचं जे काही नाव आहे ते तुमच्या विहिरीच्या कामाचं नाही. नाव मोठं असणं वेगळं आणि ते तुमच्या कामाचं असणं वेगळं.

'माजी न्यायाधीश' वाचून पुतण्या हरखला असेल. बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम असा की वकिलाने आपल्या पाटीवर किंवा लेटरहेडवर आपण न्यायाधीश होतो, बार कौन्सिलचे पदाधिकारी होतो, अमुक कामात तज्ज्ञ आहोत असं लिहायचं नाही. वकिलाला जाहिरातच करता येत नाही. २००८ पासून वेबसाइटची मुभा मिळाली, पण तिच्यावर काय असावं तेही ठरलेलं आहे. नाव, पत्ता, फोन, सनदेचा क्रमांक आणि तारीख, कोणत्या बार कौन्सिलकडे नोंद, कोणत्या वकील संघाचे सभासद, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं. आबा, ते पान पुन्हा उघडा आणि चौदा जणांपैकी किती जणांच्या नावाखाली सनदेचा क्रमांक दिसतो ते मोजा. लिहायला सांगितलेलं गाळायचं आणि लिहू नको म्हटलेलं ठळक करायचं, तर त्यावरून घराची रीत कळते. माजी न्यायाधीशाचा उपयोग नसतो असं मात्र नाही. निकाल कसा लिहिला जातो आणि कुठे डळमळतो ते त्यांना आतून ठाऊक असतं. पण तुमच्यासाठी ते कोर्टात उभे राहणार, की ऑफिसात बसून सल्ला देणार? उच्च न्यायालयात कायम न्यायाधीश राहिलेल्या व्यक्तीला तर राज्यघटनेच्या कलम २२० प्रमाणे सर्वोच्च न्यायालय आणि इतर उच्च न्यायालयं सोडून कुठेच वकिली करता येत नाही.

'सीनियर' या शब्दाने सगळ्यात जास्त लोक फसतात. आपल्याकडे डोक्याचे केस पांढरे झाले की वकील सीनियर. फर्ममध्ये ज्याचा हिस्सा मोठा तो सीनियर पार्टनर. आणि वकिली कायद्याच्या कलम १६ प्रमाणे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय ज्यांना मान देऊन नेमतं ते सीनियर ॲडव्होकेट, म्हणजे ज्येष्ठ विधिज्ञ. हा तिसरा सीनियर स्वतः वकीलपत्र दाखल करूच शकत नाही, त्याच्यासोबत दुसरा वकील लागतो, आणि फी दोघांची. तुमच्या पानावरचा सीनियर बहुधा मधला, हिश्शाचा. त्याने तुमचं काही बिघडत नाही, फक्त त्या शब्दाचे जास्त पैसे मोजू नका.

'सर्वोच्च न्यायालयातील वकील' असंही कुणाच्या नावापुढे असेल. वकिली कायद्याच्या कलम ३० ने सनदधारकाला देशातल्या कुठल्याही न्यायालयात काम चालवायचा हक्क दिलाय, तेव्हा तिथे एकदा उभा राहिलेला माणूसही तसं लिहू शकतो. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करायला जो वकील लागतो त्याला ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड म्हणतात. चार वर्षांची वकिली, मग एक वर्ष प्रशिक्षण आणि वर परीक्षा, एवढं झाल्यावर तो होतो. 'बार परीक्षा उत्तीर्ण' हेही तसंच. २०१० च्या सुमाराला आणि नंतर पास झालेल्या प्रत्येकाला वकिली करायची तर ती परीक्षा द्यावीच लागते. ड्रायव्हरने आपल्याकडे लायसन असल्याची पाटी लावावी, तसं झालं ते.

पंधरा वर्षं कंपनीत कायदा अधिकारी, याचा अर्थ जरा उलटा लावून बघा. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवायचं आणि तेवढा काळ वकिली थांबवायची, असा नियम आहे. म्हणजे ती पंधरा वर्षं तो माणूस बहुतेक कोर्टात उभाच राहिलेला नाही. करार वाचण्यात तो वाकबगार असेल, बँकेचं काम असेल तर जरूर त्याच्याकडे जा. पण 'एकूण अनुभव बावीस वर्षं' असं लिहिलं असेल तर त्यातून पंधरा वजा करा.

आता पॅनेलवाला, म्हणजे प्राधिकरणाने आपल्या कामासाठी ठरवलेल्या वकिलांपैकी एक. पुतण्याला हाच सगळ्यात भारी वाटला असणार, आणि माझं बोट नेमकं इथेच थांबलं. आबा, तुमच्या केसमध्ये समोर कोण आहे? महामार्ग प्राधिकरणच ना? मग प्राधिकरणाच्या पॅनेलवर आज असलेला माणूस ज्या फर्मचा भागीदार, ती फर्म तुमच्या बाजूने त्याच प्राधिकरणाविरुद्ध कशी उभी राहणार? एकाच प्रकरणात एका बाजूचं काम केलेल्या वकिलाने दुसऱ्या बाजूचं घ्यायचं नाही, हा वकिलीचा जुना नियम आहे. तुमचं गाव ज्या टप्प्यात येतं त्याचं काम त्यांच्याकडे होतं का, हे फोनवर नाही, लेखी विचारा. पॅनेल सोडून काही वर्षं झाली असतील आणि तुमच्या टप्प्याशी त्याचा संबंध नसेल, तर मात्र तोच माणूस चौदांत कामाचा निघू शकतो. समोरचा वकील काय बोलणार ते त्याने स्वतःच अनेकदा बोललेलं असतं. पण आधी उत्तर कागदावर घ्या.

इथवर मी त्या फर्मचीच झडती घेतली, आता तुमच्या वकीलसाहेबांकडे वळते. वाईट वाटून घेऊ नका.

'भूसंपादनाची केस' हा आपल्याकडे एकच शब्द आहे, पण तिच्या वाटा वेगळ्या आहेत. धरणात, पाझर तलावात जमीन गेली की १८९४ च्या जुन्या कायद्यात कलम १८ चा रेफरन्स, म्हणजे वाढीव मोबदल्याचं प्रकरण, दिवाणी कोर्टात जायचा. तिथे साक्षी व्हायच्या, शेजारची खरेदीखतं लागायची आणि न्यायाधीश दर नव्याने ठरवायचे. गिरणा-तापीच्या खोऱ्यातल्या वकिलांच्या दोन पिढ्या या कामावर तयार झाल्या, तुमचे वकीलसाहेबही त्यातलेच असणार. राष्ट्रीय महामार्गाची वाट १९५६ च्या कायद्याने जाते. आधी सक्षम प्राधिकारी, म्हणजे तुमचे प्रांत, मग केंद्राने नेमलेला लवाद, मग जिल्हा न्यायालयात कलम ३४, आणि तिथून कलम ३७ खाली अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. कलम ३४ मध्ये जिल्हा न्यायाधीश दर पुन्हा मोजायला बसत नाहीत, लवादाचा आदेश कायद्याच्या ठरावीक कारणांवर टिकतो का एवढंच पाहतात. नवीन साक्षीपुरावा सहसा नाही. दर फारच कमी आहे, एवढं म्हणून भागत नाही. विहिरीचा पुरावा लवादासमोर होता आणि त्याचा आदेशात एका ओळीनेही विचार नाही, असं दाखवावं लागतं.

त्यात आणखी एक मेख आहे. न्यायालय स्वतः रक्कम वाढवून देऊ शकतं का? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गाच्याच एका प्रकरणात सांगितलं, नाही, आदेश रद्द करता येईल, बदलता येणार नाही. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मर्यादित बदल करायला मुभा दिली. तुमचा अर्ज कसा लिहायचा आणि काय मागायचं, हे या दोन निकालांवर ठरतं. म्हणून तालुक्याचा असो की वेबसाइटवरचा, वकिलासमोर बसलात की दोनच गोष्टी विचारा. कलम ३४ चे अर्ज आजवर किती चालवले, त्यातल्या दोन-तीनचे नंबर द्या. आणि दुसरं, सहज विचारल्यासारखं, 'साहेब, ते तरसेम सिंग काय प्रकरण आहे?' २०१९ चा तो निकाल आहे. महामार्गात गेलेल्या जमिनीलाही दिलासा रक्कम आणि व्याज मिळालं पाहिजे असं त्यात ठरलं. महामार्गाच्या मोबदल्याचं काम करणाऱ्याला हे नाव झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं. जो म्हणेल 'बघून सांगतो', तो निदान खरं बोलतो, पण त्याला तुमची केस शिकायची आहे हे समजून घ्या. जो विषय बदलेल त्याच्याकडून चहा घ्या आणि उठा.

पुतण्याला वेबसाइटच बघायची असेल तर त्याला ई-कोर्ट्सची, म्हणजे न्यायालयांची सरकारी वेबसाइट दाखवा. तिथे जिल्हा निवडून वकिलाच्या नावाने किंवा सनदेच्या क्रमांकाने शोधलं की त्या जिल्ह्यात त्याच्या नावावर कोणती प्रकरणं आहेत, कोणत्या टप्प्यावर आहेत, कोणत्या तारखेला काय झालं, सगळं निघतं. महाराष्ट्राच्या सनदेचा क्रमांक 'एमएएच' ही अक्षरं, मग आकडा, मग वर्ष असा असतो, म्हणजे सनद कोणत्या सालची तेही लगेच कळतं. क्रमांकाविषयी शंका आली तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे विचारता येतं. एका संध्याकाळचं काम आहे. फर्मचं ऑफिस कुठल्याही शहरात असू द्या, जळगाव जिल्हा न्यायालयात त्या चौदांपैकी एकाच्याही नावावर काही निघालं नाही, तर तुमच्या तारखेला जळगावचाच कुणीतरी उभा राहणार आणि त्याचा फोटो त्या पानावर नाही. मग त्याचंच नाव विचारा ना. थेट त्याच्याकडेच गेलेलं काय वाईट?

पंधरा टक्क्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात चर्चेला जागा नाही. निकालावर फी बांधणं आणि मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेणं वकिलाला मना आहे. भूसंपादनात हे चालतं, हे मलाही माहीत आहे. कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर उभं राहिलं की टक्क्यांचे आकडे कानावर पडतातच. पण ते कुणी कागदावर देत नाही, आणि का देत नाही ते तुम्ही ओळखा. ठोक फी ठरवा. अर्ज दाखल करताना एवढी, युक्तिवादाच्या वेळी एवढी. पावती घ्या. कोऱ्या स्टॅम्पवर, कोऱ्या चेकवर सही नाही. मोबदला तुमच्याच खात्यात, जॉइंट खात्यात नाही. सातबाऱ्यावर तुमच्या वहिनींचं नाव असेल आणि त्यांना फीचा वाटा झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी अर्ज तिथेच कोर्टाच्या आवारात द्यायचा.

राहता राहिला वकीलसाहेबांचा प्रश्न. पत्रात तुम्ही तो शेवटी लिहिला, पण कागदावरचं तुमचं अक्षर तिथेच जरा हललंय, म्हणून मला वाटतं खरा घोर तोच असावा.

कलम ३४ चा अर्ज हे नवीन प्रकरण आहे, त्यात नवीन वकीलपत्र लागतंच. म्हणजे तुम्ही त्यांना काढून टाकता असं होत नाही. लवादासमोरची फाइल त्यांच्याकडे आहे, ती लागेल. फी राहिली असेल तर देऊन टाका. पण फी राहिली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. तुमच्या वकीलसाहेबांसमोर हा निकाल काढायची वेळ येणार नाही. ज्यांनी वडिलांच्या वाटणीत भावांना एका ताटात जेवायला बसवलं (हे तुम्हीच मागच्या दिवाळीच्या पत्रात लिहिलं होतं), त्यांना हे समजतं. पुतण्याला बरोबर घेऊन जा आणि सरळ विचारा, 'साहेब, तुम्ही जळगावला हे चालवाल, की तुमच्या ओळखीतलं कोणी?' तालुक्याच्या जुन्या वकिलाला जिल्ह्यातला कोणता वकील या कामात खरा आहे हे जेवढं माहीत असतं, तेवढं कुठल्याही वेबसाइटला माहीत नसतं. माझ्या अनुभवात अशा वेळी दहातले सात जण स्वतःच एक नाव पुढे करतात आणि म्हणतात, कागद मी लावून देतो, उभा तो राहील. तसं झालं तर दोघांची नावं वकीलपत्रावर असू द्या. विहीर केव्हा खोदली, मोटर केव्हा बसली, वीजबिल कुणाच्या नावावर, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे, आणि युक्तिवादाच्या दिवशी नव्या वकिलाच्या शेजारी ते डोकं बसलेलं हवं.

ते स्वतःच चालवतो म्हणाले, तर तरसेम सिंग त्यांनाही विचारा. पुतण्यासमोर नको, तो बाहेर चपला घालत असेल तेव्हा.

रविवारी जा. कोर्टाच्या दिवशी ते सहानंतर घरी येतात आणि दमलेले असतात. आदेश, लिफाफा, संयुक्त मोजणीचं पत्रक, विहिरीच्या नोंदीचा सातबारा आणि वीजबिलं एकाच पिशवीत न्या.